वाऱ्यावरचा तांडा रचताना : हवाई व्यापाऱ्यांची कल्पित संस्कृती पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा. आपल्या बेळगाव भागात गावोगाव साहित्य संमेलनं भरतात. तिथे कथाकथनाला बसणारी कॉलेजची पोरं आता जादूच्या, दुसऱ्या जगाच्या गोष्टी लिहू लागली आहेत. त्यातल्या तिघाचौघांनी मला वेगवेगळ्या वेळी एकच गोष्ट विचारली : आकाशात जहाजांतून फिरणारे व्यापारी, त्यांची बायकापोरं, त्यांच्या चालीरीती असं सगळं लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

मी या वाटेने गेलो आहे. माझ्या गोष्टीतल्या लोकांना मी ‘तारवे’ म्हणतो, कारण ते तारवांतून म्हणजे जहाजांतून राहतात. त्यांच्यावर लिहिलेले माझे पहिले दोन मसुदे वाया गेले. पहिल्या मसुद्यात चाळीस पानं नुसती जहाजांची वर्णनं होती. तो मी अडत दुकान चालवणाऱ्या एका मित्राला वाचून दाखवला. तो शेवटपर्यंत ऐकत बसला आणि म्हणाला, “जहाजं झ्याक हाईत. पण ही माणसं इकायलीत काय आणि खायलीत काय, तेच कळंना झालंय.” पुढचं सगळं काम त्या एका वाक्यावर उभं राहिलं. तुमचे दोन मसुदे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

हाताशी काय ठेवाल

- बेळगाव जिल्ह्याचा मोठा नकाशा. घाट, नद्या आणि उंची दाखवणारा हवा. नुसता रस्त्यांचा कामाचा नाही.
- पंचांग. जत्रा, पौर्णिमा, नक्षत्रं त्यातच सापडतात.
- मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड, १८८४ सालचा. जुन्या बाजारपेठा आणि घाटवाटा यांसाठी याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला मिळालं नाही.
- एक ताणकाटा. हो, खराच. मासळीवाल्यांकडे असतो तसा. का, ते तिसऱ्या पायरीत कळेल.
- दोन वह्या : एकीत फक्त हिशेब, दुसरीत ऐकलेले शब्द.

## १. जहाजाआधी माल ठरवा

आपल्याकडे भटका व्यापार म्हटलं की लमाण आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली वाटेत एक तांडा भेटला होता, चौदा हजार बैलांचा. सगळ्या बैलांवर धान्य लादलेलं. एका पाठीवर शंभर किलो धरले तरी तो चौदाशे टन माल झाला. आता जगातल्या सर्वांत मोठ्या हवाई जहाजांपैकी एक, जर्मनीचं हिंडेनबुर्ग घ्या. लांबी २४५ मीटर, पोटात जवळपास दोन लाख घनमीटर वायू. ते सगळं मिळून सव्वादोनशे टनांच्या आसपास उचलायचं आणि त्यातलं निम्मं वजन जहाजाचं स्वतःचंच.

म्हणजे बैल जिंकला. धान्य आणि मीठ हा आकाशातून नेण्याचा माल नाही. माझे तारवे पहिल्या मसुद्यात शिरोड्याचं मीठ वर आणत होते आणि येळ्ळूरचा बासमती खाली नेत होते. ऐकायला छान वाटतं, पण जो माल बैल सावकाश आणि स्वस्तात नेतो तो जहाजातून नेणारा व्यापारी पहिल्याच वर्षी बुडेल.

मग काय न्यायचं? हलकं आणि महाग, नाहीतर लगेच खराब होणारं. वेंगुर्ल्याची ताजी मासळी संध्याकाळपर्यंत अथणीच्या बाजारात पोचली तर तिला तिथे काय भाव येईल याचा विचार करा. विड्याची पानं, मोगरा, बी-बियाणं, औषधी मुळ्या, पत्रं. शहापूर-वडगावच्या मागावरची साडी, कारण ती वजनाला कमी आणि किमतीला जास्त. परतीच्या फेरीला संकेश्वरची मिरची, गोकाकचा करदंट, निपाणीचा तंबाखू.

सावध राहण्याची जागा : एकाच तांड्याला सगळा माल देऊ नका. तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात बैलांच्या तांड्यांबद्दल लिहिलं आहे, की त्यांचे चार गट होते आणि प्रत्येक गट एकच जिन्नस वाहायचा : कोणी धान्य, कोणी तांदूळ, कोणी डाळी, कोणी मीठ. तुमच्या जगातही अशी वाटणी केलीत की भांडणं, सोयरिकी, मत्सर आपोआप उभे राहतात. पानवाले तारवे मासळीवाल्यांच्या घरी मुलगी का देत नाहीत, हे वेगळं सांगावं लागत नाही. वास पुरेसा आहे.

## २. पिशवी केवढी हवी ते मांडा

हे गणित सोपं आहे आणि बेळगावकरांना तर फारच सोपं. समुद्रसपाटीला एक घनमीटर हायड्रोजन साधारण अकराशे ग्रॅम उचलतो. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, म्हणून हवा थोडी विरळ, उचल थोडी कमी. ढोबळ मानाने एक घनमीटरला एक किलो धरून चला. नुसती तापवलेली हवा वापरणार असाल तर एका घनमीटरला पाव किलोसुद्धा मिळत नाही, म्हणजे तेवढ्याच मालाला चौपट मोठा फुगा.

शंभर पोती, पन्नास किलोंचं एक पोतं. पाच टन, म्हणजे पाच हजार घनमीटर फक्त मालासाठी. लाकूड, दोर, माणसं, पाणी, अंथरूण-पांघरूण धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट पकडा. हा आकडा वहीत लिहिला की जहाज मनात नीट दिसायला लागतं. केवढी सावली पडेल, कुठल्या माळावर मावेल, किती जण राहतील. माझ्या एका तारवावर सतरा माणसं आहेत. आधी साठ होती. गणित केल्यावर त्रेचाळीस जणांना खाली उतरवावं लागलं आणि गोष्ट सुधारली, कारण सतरा जण मला नावानिशी ओळखता आले.

जादूचा वायू आहे, मग गणित कशाला, असं मलाही वाटलं होतं. त्याचं उत्तर पाचव्या पायरीत आहे.

आणखी एक. हायड्रोजन पेट घेतो. ६ मे १९३७ ला लेकहर्स्टला उतरताना हिंडेनबुर्ग पेटलं आणि ३६ माणसं गेली. त्याच जहाजावर विडी-सिगारेट ओढायला एक हवाबंद खोली होती, हेही खरं. तुमचा वायू पेटणारा ठरवलात तर जहाजावर चूल नाही. चूल नाही म्हणजे शिजवणं जमिनीवर. मग वर काय खातील? आदल्या दिवशीची भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा. तारव्यांमध्ये “चूल पेटली” म्हणजे “आपण उतरलो”. लहान मुलं वरून धूर दिसला की ओरडतात. नवऱ्याशी भांडलेली बाई चूल पेटवायला खाली उतरतच नाही, त्या दिवशी सगळं तारू शिळं खातं. वायूचा एक गुण धरला आणि घरातली एवढी रीत त्यातून आली.

## ३. विकलं की जहाज वर जातं

ही पायरी मला सर्वांत उशिरा कळली. तुम्ही हिच्यावरच सर्वांत जास्त वेळ घालवा.

बैलावरचं ओझं उतरलं की बैल तिथेच उभा राहतो. हवाई जहाजाचं तसं नाही. ते हवेत तोललेलं असतं. वीस किलो मासळी खाली दिली की वीस किलोंनी हलकं होऊन ते वर उठू लागतं. मग एकतर वायू सोडून द्यायचा, नाहीतर तेवढंच वजन वर घ्यायचं. खरी जहाजं पाण्याच्या टाक्या बाळगत. इंधन जळलं की वजन घटतं, हीसुद्धा त्यांना अडचणच. म्हणून १९२८ साली उडालेल्या ग्राफ झेपेलिन या जहाजाचे इंजीनवाले एक वेगळाच मार्ग वापरायचे : जवळपास हवेइतक्याच वजनाचा जळाऊ वायू. तो जळून गेला तरी तोल बिघडत नसे.

आता हे व्यापाऱ्याच्या नजरेने बघा. विकायचं असेल तर त्याच क्षणी तेवढ्याच वजनाचं काहीतरी घ्यावं लागणार. नुसते पैसे घेऊन चालत नाही, नोटेला वजन नाही. म्हणजे हे लोक जन्मजात मालाला माल देणारे. माझ्या गोष्टीतला बाजाराचा प्रसंग मी असा लिहिला :

तारवाच्या कडेला एक लाकडी कप्पी. एका दोराला मासळीची पाटी, दुसऱ्या दोराला मिरचीचं पोतं. वरची बाई आणि खालचा शेतकरी एकमेकांच्या डोळ्यांत बघून दोर सोडतात. पाटी खाली येते, पोतं वर जातं, आणि मध्यावर दोन्ही समोरासमोर आली की दोघंही क्षणभर थांबतात. त्या थांबण्यात सौदा पक्का होतो. पाटी त्याच्या पुढे खाली सरकली की कोणी शब्द फिरवायचा नाही. मिरची वजनाला कमी भरली तर वरची बाई बोलत नाही, फक्त कडेचा एक दगड उचलून हातात धरते. शेतकऱ्याला कळतं. तो आणखी दोन ओंजळी टाकतो.

हा प्रसंग लिहिण्यासाठी मी ताणकाटा घरात टांगला आणि त्याला अडकवलेलं वजन काढलं की आकडा कसा वर उसळतो ते पोराला सोबत घेऊन बघितलं. तुम्हीही बघा. लिहिताना हाताला आठवतं.

एकदा हे धरलंत की चालीरीती शोधाव्या लागत नाहीत. पाहुणा चढला तर त्याच्या वजनाची वाळू खाली जाते, म्हणून पाहुण्याला “किती दिवस राहणार” असं न विचारता “किती वाळू काढू” असं विचारतात. म्हातारं माणूस गेलं की त्याच्या वजनाचा दगड वर्षभर त्याच्या जागी ठेवतात आणि वर्षश्राद्धाला नदीत सोडतात. मुलगी सासरच्या तारवावर जाते तेव्हा तिच्या वजनाइतकी ज्वारी माहेरच्या तारवावर येते. आपल्याकडे तुलादान आहेच. १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली, हे शाळेपासून ठाऊक आहे. तीच तुला इथे रोजच्या जगण्यात उतरते.

भाषाही तपासून घ्या. मराठीत वजनाचे शब्द केवढे आहेत : भारदस्त, वजनदार, हलक्या कानाचा, पारडं जड, पासंगालाही न पुरणारा. या लोकांत त्यांचे अर्थ बदलतील. पासंग म्हणजे तराजूचा तोल साधायला लावलेलं छोटं वजन. तारव्यांमध्ये ‘पासंग’ हे लाडक्या शेंडेफळाचं नाव आहे, कारण त्याच्यामुळे घराचा तोल साधतो. आणि “तू भारी आहेस” हे तिथे कोणी कोणाला प्रेमाने म्हणणार नाही.

## ४. वाऱ्याचं वर्ष आखा

इंजीन नसेल तर वारा सांगेल तिकडे जायचं. तेव्हा पंचांगाशेजारी वाऱ्याचा तक्ता काढा.

किनाऱ्याकडे दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री-पहाटे जमिनीकडून मतलई. बेळगावात एप्रिल-मे महिन्यात दिवसभर तापलं तरी संध्याकाळी पश्चिमेकडून गार झुळूक येते, ती आपण सगळ्यांनी अंगणात बसून अनुभवली आहे. थंडीत पूर्वेचा वारा. म्हणजे हिवाळी पहाटे पूर्वेच्या वाऱ्यावर घाट उतरायचा, उन्हं चढल्यावर खाऱ्या वाऱ्यावर परत वर यायचं. उंची बदलली की वारा बदलतो, फुगेवाले याच युक्तीने दिशा साधतात. तारव्यांचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, हवेचे थर वासावरून ओळखतो : खालचा थर धुराचा, त्यावरचा चिखलाचा, त्याच्यावर नुसता गार.

जूनपासून मात्र नैऋत्य मोसमी वारा. साधारण दीड किलोमीटर उंचीवर तो सर्वांत जोरात वाहतो आणि आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे, ढग जमिनीला टेकतात. त्यात जहाज हाकणं म्हणजे घाटाच्या कड्यावर आपटणं. बैलांचे तांडेही पावसाळ्यात मुक्काम करत. तुमच्या लोकांनाही चातुर्मास द्या.

कुठे? पावसाच्या पलीकडे. जिल्हा एकच, पण कणकुंबीला धुवाधार आणि अथणी-रायबागेकडे पावसाची वाट बघणं. माझे तारवे आषाढीच्या आधी पूर्वेला कृष्णाकाठच्या माळावर उतरतात आणि कार्तिकीनंतर उठतात. या चार महिन्यांत लग्नं, भांडणं, उधाऱ्या, मुलांची शाळा. गोष्टीतलं निम्मं नाट्य मला जमिनीवरच्या या चार महिन्यांत सापडलं.

आपल्या भागात बेंदूर दोन असतात, ज्येष्ठातला कर्नाटकी आणि आषाढातला महाराष्ट्रीय. सीमेवरच्या घराला कधी कधी दोन्ही करावे लागतात. त्यावरून मी तारवांचा बेंदूर घेतला : जहाज उतरवायचं, शिवणी तेलाने माखायच्या, नाळेला म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला हुरमुंजाचा तांबडा रंग लावायचा, पुरणपोळीचा पहिला घास कप्पीला. खऱ्या सणावरून कल्पित सण काढताना त्याचं कारण उचला. ज्या जिवावर पोट आहे त्याला वर्षातून एकदा विश्रांती, हे ते कारण.

## ५. जादूला दावं बांधा

जादू सगळं करू शकली तर व्यापार उरत नाही. चुटकीसरशी मासे अथणीला पोचत असतील तर तांड्याची गरजच काय? तेव्हा जादू एकच काम करील असं ठरवा, आणि ती संपणारी ठेवा.

माझ्या गोष्टीत प्रत्येक तारवाच्या मध्यभागी एक तांब्याची घागर आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, तिथलं पाणी वर्षातून एकदाच भरायचं. ते पाणी थेंबाथेंबाने सोडलं की त्याचा हलका वायू होतो. घागर साधारण आठ महिने पुरते. संपली की तारू खाली. म्हणून दरवर्षी सगळ्या तांड्यांना एकाच जागी यावं लागतं, तिथे नंबर लावावा लागतो, आणि ज्याच्याशी वर्षभर अबोला त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं. मलप्रभा तिथून पूर्वेला वाहत कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. ज्यांची घागर वाटेत फुटली ते लोक नदीच्या काठाकाठाने पायी उगमाकडे परत येतात. त्यांना वाटेत कोणी माल विकत नाही, फुकट देतात.

दुसऱ्या पायरीतलं गणित इथे कामाला येतं. एका थेंबाला किती वायू हे एकदा ठरवलंत की पुढे तुम्हाला स्वतःलाही फसवता येत नाही. नायकाला वाचवायला मी एकदा घागरीत जास्तीचं पाणी ‘सापडवलं’ होतं. वाचणाऱ्या प्रत्येकाने त्याच पानावर बोट ठेवलं.

## ६. खाली दोर कोण धरतो?

नवे लेखक उडण्यावर पानंच्या पानं लिहितात आणि उतरणं एका ओळीत संपवतात. खऱ्या जहाजांचं उलटं होतं. उडणं निभायचं, उतरायला शंभर-दोनशे माणसं दोर धरायला लागत. ब्रिटिशांचं आर-१०१ हे जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये कराचीला यायला निघालं होतं. कराचीत त्याच्यासाठी प्रचंड मोठी शेड बांधून तयार होती. तेव्हा कराची आणि बेळगाव दोन्ही मुंबई इलाख्यातच. जहाज फ्रान्समध्येच कोसळलं, ४८ जण गेले, आणि ती शेड रिकामी राहिली.

रिकामी शेड पाहिलेल्या गावाची गोष्ट कोणीतरी लिहायला हवी.

तुमच्या गावात दोर कोण धरतं हे ठरवा. मी ते बलुत्यासारखं ठेवलं : सांबऱ्याच्या माळावर काही घरांना दोराचा मान, दर उतरण्याला मासळीची एक पाटी. मान कोणाचा यावरून दोन भावांत कोर्टकचेरी.

## ७. मोजणं, भाव आणि बोली

आठवड्याच्या बाजाराला वही घेऊन जा. खानापूर, निपाणी, कोणताही. दोन गोष्टी मुद्दाम बघा.

एक, धान्य मापताना जुनी माणसं ‘एक’ म्हणत नाहीत. पहिल्या मापाला “लाभ” म्हणतात, मग दोन, तीन. माझा आजा पायलीवर हात फिरवून वरचं धान्य सपाट करायचा आणि “लाभ” म्हणताना आवाज थोडा खाली आणायचा, देवासमोर बोलल्यासारखा. मी तारव्यांना तो शब्द दिला आणि त्यांच्या मोजण्यात जीव आला.

दोन, जनावरांचा बाजार. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात. भोवती वीस माणसं उभी असतात, कोणालाही आकडा कळत नाही. बोटं दाबणं, झटकणं, परत धरणं, आणि दोघांचे चेहरे मात्र मख्ख. हवेतल्या व्यापाऱ्यांना हे कसं जमेल? वर आणि खाली अंतर आहे, रुमाल पुरत नाही. माझ्या तारव्यांनी दोराचा रुमाल केला. दोराला दिलेल्या झटक्यांवरून भाव.

बोलीचं म्हणाल तर प्रमाण मराठीत सगळ्यांना बोलायला लावू नका. आपल्या बाजारात माणूस मराठीत हाक मारतो, कानडीत मोजतो, कोकणीत मासळीची घासाघीस करतो आणि दखनीत चहा मागवतो. ‘बाजार’ आणि ‘संते’ दोन्ही शब्द एकाच तोंडात असतात. तुमच्या लोकांसाठी नवी भाषा घडवण्याच्या भानगडीत पहिल्याच गोष्टीत पडू नका. कोणती भाषा कशासाठी वापरतात एवढं ठरवा. तारवे ओंदु, एरडु, मूरु मोजतात, पण हिशेबात चूक झाली की मराठीत भांडतात.

जहाजाचे शब्द कोकणात तयार पडले आहेत : तांडेल, खलाशी, शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, नांगर. ते वापरा. दर ओळीत ‘एअरशिप’ आलं की वाचणारा आपल्या मातीतून उठून जातो.

## ८. खऱ्या भटक्यांचं देणं मान्य करा

इथे मी चुकलो होतो, म्हणून हे सविस्तर सांगतो. दुसऱ्या मसुद्यात मी तारव्यांच्या बायकांना लमाणी बायकांचा पेहराव जसाच्या तसा दिला. आरशांची कांचळी, फेटिया, हातभर बांगड्या. त्या मुक्कामाला नाचायच्या, गायच्या. माझी एक मैत्रीण तांड्यावरची. तिने मसुदा वाचला आणि वही मिटून म्हणाली, “माझी आजी हिशेब करायची. सगळ्या तांड्याची उधारी तिच्या तोंडावर असायची. तुझ्या गोष्टीत ती नुसती नाचायली.”

मला उत्तर सुचलं नाही. तो मसुदा मी बाजूला ठेवला. तिसऱ्यात कप्पीजवळची बाई आली, दगड हातात धरणारी.

तेव्हा पेहराव, देवाची नावं, गाणी उचलू नका. त्यामागची कारणं समजून घ्या आणि तुमच्या लोकांना त्यांचे स्वतःचे कपडे घालू द्या. जहाजावर वजन मोजलं जातं, मग आरसे आणि चांदी तिथे परवडेल का, हेही विचारा. तारव्यांच्या बायका दागिने घालत नाहीत, गोंदून घेतात.

दुसरा खड्डा त्याहून वाईट आहे : भटका म्हणजे चोर. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. रेल्वे आणि सडका आल्यावर बैलांच्या तांड्यांचा धंदा बसला होता, त्याच काळात हा शिक्का बसला. तुमच्या गोष्टीत गावात चोरी झाली आणि संशय जहाजवाल्यांवर आला, असं जरूर लिहा, पण संशयाने त्यांचं काय होतं ते त्यांच्या बाजूने लिहा.

## ९. हद्द आणि कागद

थोडक्यात सांगतो, कारण हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. कोगनोळी ओलांडली की पाट्यांची भाषा बदलते. इकडे पहाणी, तिकडे सातबारा. लमाण समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. सख्ख्या बहिणी हद्दीच्या दोन बाजूंना दिल्या तर त्यांच्या मुलांचे दाखले वेगळे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर या भागात वाढलेल्या प्रत्येक घरात अशा कागदांची एक पिशवी असते, आमच्याही घरात आहे.

तुमच्या जगात हद्द ठेवा. जकात कोण घेतं, जहाजाची सावली ज्याच्या शेतावर पडते तो का दोर ज्याच्या खुंटाला बांधतात तो? ‘पत्ता’ या रकान्यात हे लोक काय लिहितात? माझ्या तारव्यांचा पत्ता म्हणजे त्यांच्या घागरीवर कोरलेला आकडा. घागर फुटली की पत्ता गेला.

## १०. पहिली गोष्ट एका उतरण्याची लिहा

पूर्ण जग एकदम मांडू नका. वंशावळ, इतिहास, नकाशे वहीत राहू द्या. एक तारू, एक बाजार, एक सौदा, सकाळपासून चूल विझेपर्यंत. दहा पानं पुरेत. त्यात वजन, वारा, घागर, दोर यांतलं जे आपोआप येईल ते येऊ द्या. आलं नाही ते पुढच्या गोष्टीला ठेवा.

लिहून झालं की बाजारात बसणाऱ्या एखाद्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. लेखक मित्राला नंतर. मी मिरची विकणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं होतं, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. मासळीच्या पाटीसमोर मिरचीचं पोतं वर चढलं तिथे त्यांनी मला थांबवलं. “पाटी किती किलोची?” वीस, मी म्हणालो. “आणि पोतं?” तेही वीस. त्यांनी समोरच्या ढिगात हात घातला आणि मूठभर मिरची वर उचलून सोडली. “वाळलेली मिरची ही. वीस किलोचं पोतं पाटीच्या चारपट मोठं हुतंय. तुझ्या त्या भोकातनं आत जाईल का बघ आधी.”

घरी येऊन मी तारवाचं दार मोठं केलं.